दारणेचं आमिष दारणेतच

प्रश्न : मी नाशिकच्या सातपूरला राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. सुट्टीच्या दिवशी मित्राबरोबर दारणा नदीवर गळ टाकायला जातो. गेल्या महिन्यात गांडूळखत तयार करणाऱ्या एका शेतकऱ्याकडून पाव किलो गांडुळं आणली. टिकावीत म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात घालून, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी सगळी मेलेली, डब्यात काळं पाणी आणि घरभर वास. आईने डबा उचलून बाहेर टाकला आणि "पुन्हा फ्रिजला हात लावलास तर बघ" असं सुनावलं. मग मित्र म्हणाला, जिवंत मासे लावू. घराजवळच्या ओढ्यातून बोटभर लांबीचे मासे बादलीत भरून नेले, तर पोहोचेपर्यंत निम्मे उलटे झाले. उरलेले संध्याकाळी दारणेत सोडून दिले. आता वैतरणेला जायचं ठरतंय. जाताना दारणेतले बारके मासे पकडून सोबत न्यावेत असा विचार आहे. आमिष जिवंत कसं ठेवायचं ते सांगा. आणि आईची समजूत कशी काढायची तेही.

उत्तर : दारणेतले मासे वैतरणेला नेऊ नका. हे तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण मला त्याचंच उत्तर आधी द्यायचंय.

इगतपुरी आणि त्र्यंबकच्या डोंगरांवर पडणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. दारणेचं पाणी गोदावरीला मिळतं आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. वैतरणा पश्चिमेला उतरते आणि पालघरकडून अरबी समुद्राला मिळते. दुचाकीवर तुम्हाला हे अंतर तासा-दीड तासाचं. माशाला मात्र ते स्वतःहून कधीच पार करता येत नाही, मधे डोंगराची धार आहे. त्यामुळे दोन्हीकडचे मासे पिढ्यान् पिढ्या आपापल्या पाण्यात राहिले. तुम्ही बादली घेऊन निघालात की ती धार तुम्ही त्यांच्यासाठी ओलांडता. संध्याकाळी उरलेले मासे कोणीही फेकून देत नाही, जीव आहे म्हणून पाण्यात सोडतो. तुम्हीही दारणेत तेच केलंत. भावना चांगली आहे, पण पाण्याचं त्यात नुकसान आहे.

बोटभर लांबीचा मासा नक्की कोणता, हे ओढ्याच्या काठावर उभं राहून भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यात चिलापीची पिल्लं असू शकतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला. आपल्या देशात तो १९५२ साली आणला, आणि आज धरणाधरणांत आहे. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात आणि लहान तळ्यात बघता बघता तेवढेच मासे उरतात. शहरातल्या नाल्या-ओढ्यांत गप्पी मासेही असतात, डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले. तेही बाहेरचेच. ते नाल्यात ठीक आहेत, डोंगरातल्या स्वच्छ पाण्यात त्यांचं काही काम नाही. थाई मागूर हा बाहेरून आलेला, दुसरे मासे खाणारा मासा. तो पाळायला आणि विकायला तर बंदीच आहे. त्याचं पिल्लू चुकून बादलीत आलं तर काय होईल, याचा विचार करा.

उलट बाजूही आहे. त्याच बादलीत आपल्या सह्याद्रीचे अस्सल मासे असू शकतात. कोळस हा असा एक. पश्चिम घाट आणि त्याखालच्या नद्यांखेरीज तो कुठे मिळत नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली तेव्हा हाही लिहून ठेवला. आज तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या माशांत मोजला जातो. त्याची पिल्लं शिवड्यासारख्या शिकारी माशासाठी गळावर घालणं मला पटत नाही.

आणि मासा सोडला नाही तरी पाणी सोडलं जातं. मरळीच्या अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा पडणारा एक रोग १९८८ च्या सुमारास भारतात शिरला आणि काही वर्षांत देशभर पसरला. बुरशीसारख्या दिसणाऱ्या एका सूक्ष्म जीवामुळे तो होतो, आणि त्याचे बीजाणू पाण्यात पोहत पसरतात. बादलीतलं उरलेलं पाणी, ओली जाळी, चिखलाची चप्पल, सगळ्यांवरून ते जाऊ शकतात. म्हणून बादलीचं पाणी काठापासून लांब, जमिनीवर ओता. जाळी आणि बादली दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी कडक उन्हात खडखडीत वाळवा. ओढ्यातले जे मासे दारणेत गेले ते आता परत येणार नाहीत. पुढच्या वेळी जे आमिष ज्या पाण्यातलं, ते त्याच पाण्यात वापरा, आणि दुसऱ्या पाण्यावर निघताना बादली रिकामी असू द्या.

आता गांडुळं. इथे तुमची चूक एवढीच की कोणती गांडुळं आणली ते विचारलं नाही. आपल्याकडे गांडूळखतासाठी मुख्यतः दोन जाती पाळतात. एक आयसेनिया फेटिडा : तांबडी, बारीक, अंगावर फिकट पट्टे, शेपटीचं टोक पिवळसर. चिमटीत धरलं की पिवळट, उग्र वासाचा द्रव सोडते. दुसरी युड्रिलस युजेनिया, जिला आफ्रिकन नाईट क्रॉलर म्हणतात : जाड, वीतभर वाढणारी, जांभळट राखाडी, उन्हात धरली तर निळसर झाक मारणारी. नाशिक-निफाडकडच्या उष्ण उन्हाळ्यात ही भराभर वाढते म्हणून बरेच शेतकरी ती ठेवतात. गळालाही ती छान, कारण जाड असते आणि हुकावर नीट बसते. पण ती उष्ण प्रदेशातली आहे. घरगुती फ्रिजमध्ये साधारण ४-५ अंश तापमान असतं, त्यात ती मरते. आयसेनिया त्याच थंडीत सुस्त होऊन पडली असती आणि बाहेर काढल्यावर पुन्हा हलली असती. तुमची बहुधा युड्रिलस होती.

गारठ्याने जी मेली नसतील ती झाकणाने मारली. गांडुळाला फुप्फुस नाही, ते कातडीने श्वास घेतं, आणि कातडी ओलसर असेल तरच. घट्ट बंद डब्यात हवा संपते, अंगातलं पाणी तळाशी साचतं, खालची गांडुळं बुडतात. एक मेलं की ते लगेच कुजतं आणि शेजारच्यांना घेऊन जातं. काळं पाणी दिसलं तिथेच सगळं संपलं होतं.

आणि पाव किलो कशाला? दोघांच्या एका दिवसाला वीस-पंचवीस गांडुळं पुरे होतात. शेतकऱ्याकडून पुढच्या वेळी ओंजळभर घ्या, त्याच्याच वाफ्यातल्या खतासकट, आणि जात विचारून घ्या. त्याला माहीत असते.

ठेवायला फ्रिज नको, माठ घ्या. यात तुमच्या आईचाही प्रश्न सुटतो. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. शेणखतात वाढलेला जीव दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवायचा नसतो. पावसाळ्यात शेताच्या मातीतून लेप्टोस्पायरोसिससारखे तापाचे आजारही येतात, तेव्हा आमिषाचे हात साबणाने धुतल्याशिवाय घरात कशालाही लावायचे नाहीत. त्यांना समजावण्यापेक्षा सरळ सांगा की फ्रिज तुमचा, माठ माझा, आणि माठ मी मागच्या बाल्कनीत ठेवतो. स्वयंपाकघरातलं एकही भांडं त्यासाठी घेऊ नका. मग त्या फार बोलणार नाहीत.

गेल्या वर्षीचा, पाणी नीट गार न करणारा माठ बहुतेक घरांत कोपऱ्यात पडलेला असतो. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. बाहेरून काथ्याने खरखरीत घासून घ्या, थोडी मोकळी होतात. तळाला एक भोक पाडा, आधीच गळका असेल तर कामच झालं. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा. त्यावर नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं थर. वर अंथरूण घाला : अर्धं जुनं, पूर्ण थंड झालेलं शेणखत आणि अर्धा धुतलेला कोकोपीट किंवा फाडून भिजवलेलं वर्तमानपत्र. ताजं शेण घालू नका, ते आतून तापतं आणि अमोनिया सोडतं. कोकोपीट धुवायचं ते त्यातल्या मिठासाठी. मूठभर अंथरूण उचलून जोरात पिळा. एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त.

माठ दोन-तृतीयांश भरला की गांडुळं नुसती वर पसरा, मिसळू नका. उजेड त्यांना सोसत नाही, निरोगी असतील ती अर्ध्या-पाऊण तासात स्वतः खाली जातात. वर जी राहिली ती जखमी किंवा मरायला टेकलेली. ती आजच्या गळाला वापरा नाहीतर काढून टाका. एवढी एक निवड केली तरी निम्मी नासाडी थांबते. मग तोंडावर ओलं गोणपाट, आणि माठ ओल्या वाळूच्या ताटलीत. ताटलीभोवती पाण्याचं रिंगण ठेवलं की मुंग्या चढत नाहीत. मुंग्यांनी एका रात्रीत सगळा माठ साफ केल्याची तक्रार मला नेहमी येते.

नाशिकचा चैत्र-वैशाख कोरडा असतो, म्हणून माठ भिंतीतून पाणी सोडत गार होतो आणि आतलं अंथरूण बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी थंड राहतं. त्या दिवसांत पाणी आत ओतण्यापेक्षा माठाच्या बाहेरून आणि गोणपाटावर शिंपडा. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा माठ फारसा गार होत नाही, पण गरजही नसते. तेव्हा धोका बुडण्याचा, म्हणून पावसाच्या झोतात ठेवू नका आणि तळाचं भोक बुजलं नाही ना ते बघत राहा. पाऊस येणार असला की काही गांडुळं गोणपाटाखाली, कडेला चढून बसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. थंडीत मात्र निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि नाशिक शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो. युड्रिलस असतील तर मार्गशीर्ष-पौषात माठ घराच्या आतल्या बाजूला घ्या आणि वरचं गोणपाट कोरडं ठेवा. आयसेनिया असेल तर काही करावं लागत नाही, तिचे ते चांगले दिवस.

खायला फार घालू नका. आठवड्यातून एकदा भिजवलेला गव्हाचा कोंडा मूठभर, किंवा भाजीची कोवळी पानं. कांदा, लिंबाची साल, मीठ-तिखट लागलेलं काहीही नको. उरलेलं अन्न आंबट वासाला लागलं तर काढून टाका. चार-पाच लिटरच्या माठात शंभरेक गांडुळं महिनोन् महिने राहतात. मग विकत घ्यायची वेळच येत नाही, पिल्लं होत राहतात.

जमीन खणून काढणार असाल तर जागा निवडा. जुना उकिरडा, गोठ्याची मागची बाजू, केळीच्या बुंध्याची ओल, इथे गांडुळं सापडतात. द्राक्षबागेत शोधू नका. वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण, म्हणजे तांबं असलेलं बुरशीनाशक, फवारलेल्या बागेत तांबं वरच्या मातीत साठत जातं आणि तांबं गांडुळाला विषारी आहे. तिथे ती मुळातच कमी असतात, जी असतात तीही अशक्त. साबणाचं किंवा मिठाचं पाणी ओतून गांडुळं वर काढायची युक्ती कोणी सांगेल. ती करू नका. वर आलेली गांडुळं भाजलेली असतात, दुपारपर्यंत मरतात, आणि मागे राहिलेली मातीही बिघडते. खणलेला खड्डा बुजवून या.

नेताना स्कूटरच्या सीटखालच्या डिक्कीत डबा ठेवू नका. ती इंजिनाच्या वर असते, अंबडपासून दारणेपर्यंत जाईस्तोवर आतलं सगळं शिजतं. लागतील तेवढी गांडुळं थोड्या अंथरुणासकट सुती पिशवीत घ्या, पिशवी ओली करून छोट्या थर्माकोलच्या पेटीत, पेटीचं झाकण थोडं उघडं, आणि पेटी पाठीवरच्या बॅगेत. काठावर ती नेहमी सावलीत. डबा उघडा ठेवून गप्पा मारत बसलात तर तासाभरात वरचा थर वाळतो.

हुकावर घालताना एक अख्खं गांडूळ गोळा करून लोंबवतात, ते चुकतं. शिंगट्यासाठी अर्धं पुरतं. सहा किंवा आठ नंबरचा लहान गळ घ्या (नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवा), टोक गांडुळाच्या अंगातून ओवत न्या आणि बोटभर शेपूट मोकळी सोडा. ती हलली पाहिजे. वाम दगडांच्या फटीत राहते आणि रात्री बाहेर पडते, तिला अख्खं, लांब गांडूळ तळाशी टेकवून द्या. शिंगटा काढताना घाई नको, त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कुशींचे काटे ताठ उभे राहतात, टोचले तर हात दिवसभर ठणकतो. जुन्या जाड फडक्याने मागून धरा.

नाकतोड्यांचा नियम गांडुळांच्या नेमका उलटा आहे. त्यांना ओल मारते. पहाटे दव असताना ते थंडीने जड झालेले असतात, हाताने उचलता येतात. सुती पिशवीत कोरडं गवत घालून सैल ठेवा, एकावर एक कोंबू नका, म्हणजे दिवसभर टिकतात. टोमॅटो, कांदा, द्राक्ष यांच्या फवारलेल्या शेतातले घेऊ नका, पडीक गवताळ बांधावरचे घ्या. गळ मानेमागच्या कडक कवचातून घाला, पोटातून घातला तर लगेच मरतो. मरळीला पाणवनस्पतीच्या कडेने, शिसं न लावता, असा नाकतोडा वर तरंगत सोडा. मरळ वर येऊन हवा घेते, तेव्हा पाण्यावर हलका बुडबुडा दिसतो. तिथून हातभर पुढे टाका, थेट डोक्यावर नको.

झिंगे हे माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यांत कामाचं आमिष आहे आणि सगळ्यांत दुर्लक्षित. जिथे गळ टाकणार तिथल्याच काठच्या शेवाळात बारीक जाळी दोन-तीनदा फिरवली की हवे तेवढे मिळतात. नेण्याआणण्याचा प्रश्नच नाही. त्यांना बादलीभर पाणी लागत नाही. ओल्या, गार शेवाळात गुंडाळून पसरट डब्यात ठेवले तर काही तास जिवंत राहतात. उलट पाण्यात दाटीने ठेवले तर लवकर मरतात. शेपटीच्या कडेने हलका गळ. शिंगटा, वाम, मरळ, सगळे घेतात. मेलेला झिंगाही चालतो, तिलापियासुद्धा घेतो.

बेडूक लावायची जुनी पद्धत आहे, मरळीला ती चालते हेही खरं. पण वन्यजीव संरक्षण कायद्याने मोठ्या बेडकांना संरक्षण आहे, आणि शेतातल्या किडी खाणारा तो प्राणी आहे. गळाला बेडूक नकोच.

राहिले जिवंत मासे. तुमचे निम्मे बादलीत का मेले, ते सांगतो. पाणी तापतं तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकं त्याच तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. त्यात बादली उंच आणि अरुंद, म्हणजे हवा लागणारा पृष्ठभाग लहान. त्यात मासे दाटीने भरलेले आणि खाऊन आलेले, त्यांची विष्ठा पाण्यात, त्यातून अमोनिया. मासे वर येऊन तोंड उघडमिट करू लागले म्हणजे वेळ थोडा उरलाय. पाण्यावर फेस आला तर ते पाणी गेलं. घरून नळाचं पाणी घेतलं असेल तर त्यातलं क्लोरीन वेगळंच.

माझं स्पष्ट मत आहे की हौसेने गळ टाकणाऱ्या माणसाला जिवंत माशाची गरज क्वचितच असते. शिवडा पकडायचा असेल तेव्हाच. तेव्हाही त्याच पाण्यातले, काठावरच पकडलेले, पाच-सहापेक्षा जास्त नाहीत. पसरट टब घ्या, त्याच नदीचं पाणी, वर जाळी, सावली. मत्स्यालयाच्या दुकानात बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो लावा. पाणी गार ठेवायला बर्फाचे खडे टाकू नका, गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा, तीही हळूहळू. तासा-दीड तासाने थोडं पाणी काढून नदीचं ताजं घाला. गळ दोन्ही ओठांतून, खालून वर, म्हणजे मासा पोहत राहतो. हे हाताला जमत नसेल किंवा मनाला पटत नसेल तर करू नका, झिंगा तेच काम करतो. टबात उरलेले त्याच पाण्यात सोडा, तिथले आहेत, तिथे जातील.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी हे सगळं करायची गरजच नाही. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळ चाळतो, रोहू प्रामुख्याने शाकाहारी. एखादा रोहू गांडूळ घेतो, नाही असं नाही. पण त्यांना भाजलेलं बेसन आणि कणकेचा घट्ट गोळा, शेंगदाण्याची पेंड, याने जास्त मासे लागतात. दारणेवर तुम्ही नक्की काय पकडायला बसता ते आधी ठरवा, अर्ध्या वेळा जिवंत आमिष लागणारच नाही.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की हवी तेवढी गांडुळं आपोआप वर येतील, ओहोळांत पाणी फुटेल आणि मासे चढणीला लागतील. ते अंडी घालायला निघालेले असतात. आषाढाच्या त्या आठवड्यांत चढणीच्या वाटेवर बसून गळ किंवा जाळी टाकू नका. नाही तरी पुढे श्रावण पाळणाऱ्या घरांत मासा शिजत नाही.

वैतरणेला निघण्याआधी एक चौकशी करा. महाराष्ट्रातल्या जलाशयांतला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. त्यावर कुटुंबं चालतात. धरणाच्या भिंतीजवळ आणि पिण्याच्या पाण्याच्या जागांवर मनाई असते, ती पाटी वाचा. गंगापूर धरणाचं पाणी तर नाशिक शहर पितं. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, आणि रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, तिकडे काठी घेऊन जायचंच नाही. वैतरणेवर संस्थेचा माणूस काठावर होडीजवळ भेटतो. त्याला नमस्कार करून विचारा, कुठे बसलं तर चालेल, आणि काही पैसे भरायचे असतील तर भरा. तोच तुम्हाला सांगेल की झिंगे जलाशयाच्या कुठल्या बाजूला आहेत. आणि माठातली गांडुळं नेलीत तर उरलेली परत घरी आणा. युड्रिलस इथली नाही, डोंगरात सोडायची नाही. कुंडीत किंवा माठात परत टाका.